स्वनिधीतले २५ लाख: प्रादेशिक विद्यापीठाने प्राध्यापकांच्या संशोधनाला आणि कलानिर्मितीला हात कसा द्यावा

प्रश्न थोडक्यात असा: एका प्रादेशिक राज्य विद्यापीठाच्या संशोधन कक्षाकडे स्वनिधीतून वर्षाला २५ लाख रुपये आहेत. गेल्या वर्षी अर्ज ऑगस्टमध्ये मागवले, निवड समिती नोव्हेंबरअखेर बसली, पैसे जानेवारीच्या शेवटी मिळाले आणि मार्चअखेर निम्मी रक्कम परत गेली. जी खर्च झाली त्यातली बहुतेक विज्ञान विभागांकडे गेली. संगीत, नाट्य, ललित कला आणि मराठी विभागातल्या प्राध्यापकांचे अर्ज ‘हे संशोधन नाही’ म्हणून बाजूला पडले. यंदा योजना नव्याने बांधायची आहे, ती कशी बांधावी?

आधी तारखा दुरुस्त करा, रकमेचं नंतर बघू. राज्य विद्यापीठाचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि शैक्षणिक वर्ष जून-जुलैत सुरू होतं. या दोन वर्षांच्या सांध्यात पैसा अडकतो. ऑगस्टमध्ये अर्ज मागवणारी योजना कितीही चांगली आखली तरी मार्चला हरणारच. परिपत्रक फेब्रुवारीत काढा, त्यात ‘अर्थसंकल्पीय तरतुदीच्या अधीन’ एवढे शब्द घाला. अर्जाची मुदत ३१ मार्च, छाननी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, परीक्षकांचे अभिप्राय मेच्या मध्यापर्यंत, मंजुरीपत्रं जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि ७० टक्क्यांचा पहिला हप्ता १ जुलैच्या आत. प्रकल्पाची मुदत १८ महिने ठेवा. उरलेली रक्कम पुढच्या आर्थिक वर्षात नेता येईल असा ठराव वित्त व लेखा समितीकडून योजना जाहीर होण्याआधीच करून घ्या. हाच ठराव मार्चमध्ये मागायला गेलात तर मिळत नाही, कारण तेव्हा लेखा विभाग वर्ष बंद करण्याच्या घाईत असतो.

तारखांचा आग्रह एवढ्यासाठी, की आपल्याकडचं बरंचसं काम ऋतूला बांधलेलं आहे. कास पठारावरच्या फुलांची नोंद ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतच घेता येते. बीड जिल्ह्यातले ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात, म्हणजे त्यांच्या घरांचं सर्वेक्षण जानेवारीत करायला निघालेल्या प्राध्यापकाला दारांना कुलुपं दिसतात. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची नाटकं दिवाळी ते होळी या काळात होतात. ज्याला जानेवारीच्या शेवटी पैसे मिळाले, त्याचं अख्खं वर्ष गेलेलं असतं. मग तो मार्चमध्ये प्रिंटर विकत घेतो आणि आपण म्हणतो, प्राध्यापकांना खर्च करता येत नाही.

आता वाटप. पुढची विभागणी एक नमुना म्हणून घ्या. नवं संशोधन सुरू करायला ६० हजारांचे १० बीजनिधी, म्हणजे ६ लाख. कलानिर्मिती आणि दस्तऐवजीकरणासाठी ७५ हजारांचे ६ प्रकल्प, ४.५ लाख. अध्यापनाच्या तासांत सवलत देण्यासाठी ८ जणांमागे ६० हजार, ४.८ लाख. बाहेरच्या मोठ्या प्रकल्पाचा प्रस्ताव तयार करायला, म्हणजे प्राथमिक चाचण्या आणि नमुन्यांचं विश्लेषण करायला, एक लाखाचे ४, एकूण ४ लाख. प्रवास, नमुना-तपासणी, परवानगी शुल्क असल्या किरकोळ पण तातडीच्या खर्चासाठी फिरता निधी ३ लाख. परीक्षकांचं मानधन आणि भाषा-संपादन १.२ लाख. राखीव १.५ लाख. बेरीज २५ लाख. कलेचे ४.५ लाख वेगळ्या लेखाशीर्षाखाली ठेवा, तेही शब्दांत लिहून. एकाच गंगाजळीत ठेवले तर पहिल्याच बैठकीत ते उपकरणाकडे वळतात.

यातल्या तासांच्या सवलतीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण माझ्या मते सगळ्यांत उपयोगी पैसा हाच आहे आणि सगळ्यांत कमी विद्यापीठं तो देतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकाला १४ तास प्रत्यक्ष अध्यापन असतं. त्यावर परीक्षेची कामं, नॅकच्या, म्हणजे संस्थेच्या मूल्यांकनाच्या फायली, प्रवेश, राष्ट्रीय सेवा योजना. ज्या विभागात मंजूर पदांपैकी निम्मी रिकामी आहेत, तिथे हे १६ तास कागदावरच १६ राहतात. अशा माणसाला ६० हजारांची रसायनं देऊन तो ती वापरणार कधी? चार श्रेयांकांचा (क्रेडिटचा) एक पेपर म्हणजे आठवड्याला ४ तास, १५ आठवड्यांचे ६० तास. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला ताशी १,००० रुपये धरले तर एका सत्राचे ६० हजार होतात. एवढ्या पैशात एका संशोधकाला सत्रभर आठवड्यातला एक पूर्ण दिवस मिळतो.

ही सवलत फसते ती दोन ठिकाणी. पहिलं, वेळापत्रक जूनमध्ये ठरून गेलं की नंतर कुणाला हलवता येत नाही, म्हणून सवलतीचं पत्र बाकीच्या मंजुरीपत्रांची वाट न बघता मेमध्येच विभागप्रमुखांच्या हातात पडलं पाहिजे. दुसरं, सुटलेले चार तास विभागप्रमुख सद्भावनेनेच दुसऱ्या कामाला लावतात: ‘तुम्हाला पेपर कमी आहे ना, मग नॅकच्या निकष तीनची माहिती तुम्हीच भरा.’ त्यामुळे पत्रात स्पष्ट लिहा की या सत्रात संबंधितांना परीक्षा अधीक्षक, नॅक निकष समन्वयक आणि वेळापत्रक समिती ही कामं देऊ नयेत, आणि उरलेले तास असे लावावेत की आठवड्यात सलग दीड-दोन दिवस मोकळे राहतील. दिवसाआड एक मोकळा तास प्रयोगशाळेत किंवा गावात जायला काही कामाचा नसतो.

अर्जाचा नमुना तीन पानांपलीकडे जाऊ देऊ नका, वर एक पान अंदाजपत्रकाचं. काय शोधायचं किंवा घडवायचं आहे, आत्तापर्यंत या बाबतीत काय झालं आहे, तुम्ही नेमकं काय करणार, महिन्यागणिक काम, आणि शेवटी हातात काय असेल, एवढं पुरे. ‘संशोधनाची व्याप्ती व मर्यादा’, ‘परिकल्पना’ असे ठोकळेबाज रकाने ठेवले की प्रत्येक जण जुन्या प्रबंधातून उतरवून काढतो आणि परीक्षकाला काहीच कळत नाही. प्रत्येक अर्जाला दोन बाहेरचे परीक्षक द्या: एक त्याच विषयातला, दुसरा शेजारच्या. गुणांची वाटणी साधी ठेवा. प्रश्न स्पष्ट आहे का, ३०. पद्धत जमण्यासारखी आहे का, ३०. वेळ आणि पैसा कामाशी जुळतो का, २०. यातून पुढे काय उभं राहील, २०. अर्जदाराच्या आजवरच्या शोधनिबंधांना वेगळे गुण ठेवू नका, नाहीतर ज्यांना आधी मिळालं त्यांनाच पुन्हा मिळत जातं. बीजनिधीतले निदान चार प्रकल्प आजवर कुठलंच अनुदान न मिळालेल्यांसाठी राखून ठेवा. आणि नाकारलेल्या प्रत्येक अर्जदाराला परीक्षकांचा अभिप्राय नाव वगळून पाठवा. हे फुकटचं काम आहे, पण पुढच्या वर्षीच्या अर्जांचा दर्जा याने जितका सुधारतो तितका कुठल्याही कार्यशाळेने सुधारत नाही.

आता कलानिर्मितीचा प्रश्न. ‘हे संशोधन नाही’ हा आक्षेप बहुतेक वेळा दुष्टपणाचा नसतो. समितीतल्या रसायनशास्त्रज्ञाला नाटक किंवा बंदिश कशाने मोजायची हे माहीत नसतं, आणि अर्जदारानेही ते सांगितलेलं नसतं. मोजपट्टी आपण द्यायची. प्रत्येक निर्मिती प्रकल्पाकडून तीन गोष्टी मागा. पहिली, दीड ते दोन हजार शब्दांचं निर्मिती-टिपण: कोणत्या परंपरेत हे काम बसतं, कोणता प्रश्न किंवा अडचण हाताशी घेतली, काय करून पाहिलं, काय सोडून दिलं आणि का. दुसरी, प्रक्रियेची नोंद: तालमीची वही, रेखाटनं, संहितेचे टप्प्याटप्प्याचे मसुदे, ध्वनिमुद्रण. तिसरी, त्या क्षेत्रातल्या दोन बाहेरच्या जाणकारांनी प्रयोग किंवा प्रदर्शन प्रत्यक्ष पाहून दिलेला लेखी अभिप्राय. नुसती चित्रफीत पाहून दिलेला अभिप्राय घेऊ नका. त्यांच्या प्रवासाचे आणि मानधनाचे पैसे प्रकल्पातून न कापता कक्षाने द्यावेत. मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी आणि लोककला अकादमी, पुण्यातलं ललित कला केंद्र, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा संगीत व नाट्यशास्त्र विभाग, छत्रपती संभाजीनगरचा नाट्यशास्त्र विभाग, एवढ्या ठिकाणांहून तुमची परीक्षकांची पहिली यादी तयार होते. मात्र तिच्यात विद्यापीठाबाहेरचे कलावंतही हवेत. दंडार या पूर्व विदर्भातल्या लोकनाट्याचं परीक्षण करायला दंडार केलेला माणूस असला पाहिजे, त्याला पदवी असो वा नसो.

एक प्रकल्प जवळून पाहू, म्हणजे ७५ हजारांत काय बसतं ते कळेल. समजा, गडचिरोली-चंद्रपूर भागातल्या प्राध्यापकाला दंडारीचं दस्तऐवजीकरण करून त्यातून झाडीबोलीत, म्हणजे तिथल्या बोलीत, नवं नाटक उभं करायचं आहे. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, तिथे दंडार होते, त्यामुळे त्याचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो. अंदाजपत्रक असं: १२ फेऱ्यांचा प्रवास, फेरीला १,५०० प्रमाणे १८ हजार. २० कलावंतांना प्रत्येकी १,००० रुपये मानधन, २० हजार. १५ तासांच्या ध्वनिमुद्रणाचं लेखन, तासाला १,२०० प्रमाणे १८ हजार. दोन हार्डडिस्क १० हजार. मेमरी कार्ड, सेल, संमतीपत्रांची छपाई ४ हजार. गावात जाऊन केलेलं काम गावकऱ्यांना दाखवण्याचा कार्यक्रम ५ हजार. एकूण ७५ हजार.

या अंदाजपत्रकात रेकॉर्डर नाही, तो मुद्दाम नाही. कक्षाने एकदाच एक संच घ्यावा: हातात धरायचा डिजिटल रेकॉर्डर, दोन कॉलरमाइक, वाऱ्याचा आवाज अडवणारी फरची टोपी, तिपाई, हेडफोन. तो ग्रंथालयातून पुस्तक द्यावं तसा नोंद करून द्यायचा. प्रत्येक प्रकल्पाने स्वतःचा रेकॉर्डर घेतला तर पाच वर्षांनी दहा कपाटांत दहा बंद रेकॉर्डर सापडतात. मुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह स्वरूपात करा. दोन वाहिन्यांचा एक तास साधारण एक जीबी होतो, तेव्हा जागेची काळजी करून एमपी-३ वर जाण्याचं काही कारण नाही. मोबाइलवर मुद्रण केलं की फोन आवाजाची पातळी आपोआप वरखाली करतो, ढोलकी वाजली की गाणाऱ्याचा आवाज बुडतो, आणि ते नंतर दुरुस्त होत नाही. प्रत्येक फाइलला त्याच रात्री नाव द्या: तारीख, गाव, कलावंत, क्रमांक. दोन डिस्कवर दोन प्रती, त्यांतली एक विद्यापीठाबाहेर, आणि तिसरी ग्रंथालयाच्या सर्व्हरवर.

लेखनाचा, म्हणजे ऐकून उतरवण्याचा खर्च नेहमी कमी धरला जातो. बोलीतलं एका तासाचं मुद्रण नीट उतरवायला सहा ते आठ तास लागतात. गाणं असेल, मागे झांज वाजत असेल, तर त्याहून जास्त. १५ तासांच्या मुद्रणाला शंभरावर तासांचं काम आहे आणि ते झाडीबोली घरात बोलणाऱ्या विद्यार्थ्यालाच द्यायला हवं. प्रमाण मराठीच्या कानाने ऐकणारा नकळत बोली ‘सुधारून’ लिहितो आणि मग सगळं कामच वाया जातं.

कलावंतांच्या मानधनावर लेखा विभागाचा आक्षेप ठरलेला: जीएसटी क्रमांक नाही, बिल नाही. इथे कक्षाने आधीच एक पानाची मानधन-पावती मंजूर करून ठेवावी. तिच्यावर नाव, गाव, कशाबद्दल, रक्कम, सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार असावेत. शक्य तिथे पैसे थेट बँक खात्यात द्या. पाच हजारांवरच्या रोख पावतीला एक रुपयाचं महसूल तिकीट लागतं. संमतीपत्र कलावंताच्या बोलीत वाचून दाखवा आणि तीन वेगवेगळे प्रश्न विचारा: मुद्रण संग्रहात ठेवायला हरकत आहे का, ते इंटरनेटवर टाकायला आहे का, आणि त्यावरून नवं नाटक रचायला आहे का. एकाच सहीत तिन्ही परवानग्या गुंडाळू नका. विधीशी जोडलेलं एखादं गाणं संग्रहात चालेल पण रंगमंचावर नको, असं म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे कलावंताला सादरीकरणाचा स्वतंत्र हक्क असतो, तेव्हा हा केवळ सौजन्याचा भाग नाही.

नाटक उभं राहिलं की पुढची कागदपत्रं. महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोगासाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. त्यासाठी महिना-दीड महिना हाताशी ठेवा आणि संहिता पक्की झाल्यावरच पाठवा. दुसऱ्याचं नाटक करत असाल तर लेखकाची लेखी परवानगी हवी. शैक्षणिक संस्थेला कॉपीराइट कायद्यात सूट आहे, पण ती प्रेक्षक संस्थेचे विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या उपक्रमांशी संबंधित मंडळी एवढ्यापुरतीच. तिकीट लावून गावात प्रयोग केला की ती सूट संपते. अनुवादाचंही असंच आहे. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत अनुवादाचा हक्क वारसांकडे किंवा ज्यांना तो दिला असेल त्यांच्याकडे असतो. निधी मंजूर करण्याआधी परवानगीचं पत्र मागा, नाहीतर अनुवाद पूर्ण होतो आणि छापता येत नाही.

कलेतल्या प्राध्यापकांची खरी अडचण पदोन्नतीची आहे आणि ती कक्षाने समजून घेतलीच पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची नियमावली महाराष्ट्रात ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने लागू झाली. तिच्या तक्ता २ मध्ये संशोधन गुणांचे सहा गट आहेत आणि गुण किमान तीन गटांतून यावे लागतात. त्यात नाटकाच्या दिग्दर्शनाला, चित्रप्रदर्शनाला किंवा मैफलीला स्वतंत्र रकाना नाही. पण भाषा व मानव्यविद्येतल्या शोधनिबंधाला १०, राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १०, पुस्तकातल्या प्रकरणाला ५, अनुवादित पुस्तकाला ८, अनुवादित प्रकरणाला ३, दहा लाखांखालच्या पूर्ण झालेल्या प्रकल्पाला ५ गुण आहेत. म्हणजे वरच्या दंडारीच्या कामातून संहितेची टिपांसह चिकित्सक आवृत्ती निघाली आणि निर्मितीप्रक्रियेवर एक निबंध झाला, तर त्या प्राध्यापकाच्या गाठीला काहीतरी लागतं. हे रूपांतर कसं करायचं ते सांगणं कक्षाचं काम आहे. विद्यापीठाचा निधी प्रकल्प म्हणून धरला जाईल की नाही हे छाननी समितीकडून आधीच लेखी घेऊन ठेवा. दोन लेखक असतील तर प्रत्येकी ७० टक्के, त्याहून जास्त असतील तर मुख्य लेखकाला ७० आणि बाकीच्यांना ३० टक्के, हेही सुरुवातीलाच सांगा. कामाच्या शेवटी नावांच्या क्रमावरून होणारी भांडणं याने बरीच टळतात.

पुस्तकासाठी आयएसबीएन हा ओळख क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून विनामूल्य मिळतो. तो ‘मिळवून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्या प्रकाशकाला एक पैसाही मंजूर करू नका. पहिलंच पुस्तक असेल तर राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिची माहिती कक्षाच्या फलकावर कायम असू द्या.

नियतकालिकांबाबत आता जबाबदारी आपल्यावर आली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्य नियतकालिकांची आपली केअर यादी बंद केली आणि नियतकालिक निवडण्याचे सुचवलेले निकष देऊन ते काम संस्थांवर सोपवलं. त्याच दिवसापासून ‘आठ दिवसांत छापून देऊ’ असे व्हॉट्सअॅप संदेश थांबतील असं कुणाला वाटलं असेल तर तसं झालेलं नाही. तपासणी दहा मिनिटांची आहे. नियतकालिकाचा आयएसएसएन हा ओळख क्रमांक आयएसएसएनच्या अधिकृत संकेतस्थळावर टाकून नाव जुळतं का ते पाहा. ‘स्कोपस या आंतरराष्ट्रीय सूचीमध्ये आहे’ म्हणत असतील तर स्कोपसच्या स्वतःच्या यादीत शोधा, नियतकालिकाच्या पानावरचं चिन्ह पुरावा नव्हे. संपादक मंडळातल्या दोघांना त्यांच्या संस्थेच्या ईमेलवर विचारा. जुन्या, प्रतिष्ठित नियतकालिकाचं नाव आणि क्रमांक चोरून उभारलेली बनावट संकेतस्थळं हा मोठा सापळा आहे, त्यात चांगले चांगले अडकतात. मराठीतली बरीच उत्तम नियतकालिकं कुठल्याच आंतरराष्ट्रीय सूचीत नाहीत. त्यांची यादी मराठी, इतिहास, समाजशास्त्र या विभागांनी मिळून करावी आणि विद्या परिषदेकडून संमत करून घ्यावी, नाहीतर मराठीत लिहिणाऱ्याला शिक्षा होते. वाचायचं साहित्य मात्र आता मुबलक आहे. ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजनेत जानेवारी २०२५ पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं सरकारी विद्यापीठांना उघडी झाली. ती घरून कशी वाचायची हे ग्रंथपालांनी प्रत्येक विभागात जाऊन, प्रत्येकाच्या लॅपटॉपवर एकदा करून दाखवलं पाहिजे. नुसत्या परिपत्रकाने भागत नाही.

खरेदीबद्दल तीनच गोष्टी. अंदाजपत्रकात जीएसटी धरायला लोक विसरतात. संशोधन संस्थांना उपकरणांवर मिळणारा ५ टक्के जीएसटीचा सवलतीचा दर जुलै २०२२ मध्ये गेला, आणि १८ टक्के न धरलेलं अंदाजपत्रक दरपत्रक आल्यावर कोसळतं. आयात रसायनांना दोन-तीन महिने लागू शकतात, म्हणून मागणीपत्र मंजुरीच्या आठवड्यातच जावं. आणि विनादरपत्रक खरेदीची तुमच्या विद्यापीठातली मर्यादा, तीन दरपत्रकांची मर्यादा, निविदेची मर्यादा हे एका पानावर छापून मंजुरीपत्राला जोडा. प्राध्यापक चुकतात ते हेतूने नव्हे, त्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं. महागडं उपकरण घेण्याआधी आय-स्टेम या राष्ट्रीय पोर्टलवर ते जवळपास कुठे भाड्याने वापरता येईल ते बघायला लावा.

परवानग्यांना पैशाइतकाच वेळ लागतो. अभयारण्यात काम असेल तर नागपूरहून मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी, प्राण्यांवर प्रयोग असतील तर प्राणी नैतिकता समिती, माणसांच्या आरोग्याशी संबंध असेल तर आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे बसवलेली नैतिकता समिती, जिचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो. शाळेतल्या मुलांच्या मुलाखती घेणाऱ्या समाजशास्त्रज्ञालाही समितीकडे पाठवा. समिती दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी बसली पाहिजे. ‘अर्ज आले की बैठक’ या पद्धतीत चार महिने जातात.

मोठ्या अनुदानांच्या बाबतीत कक्षाचं काम मुख्यतः कारकुनीचं आहे आणि ते मन लावून केलं तर फार मोलाचं आहे. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, आयसीएसएसआर ही समाजविज्ञान संशोधन परिषद, राज्याचा राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग, सगळीकडे संस्थेचं संमतीपत्र लागतं आणि शेवटच्या दिवशी कुलसचिव दौऱ्यावर असतात. नियम करा: प्रस्ताव मुदतीच्या १० कामाच्या दिवस आधी कक्षाकडे, संमतीपत्र ३ दिवसांत प्राध्यापकाकडे, आणि कुलसचिव नसतील तर कोण सही करेल त्याचा आदेश आधीच काढलेला. विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या कलम २(एफ) आणि १२(बी) ची प्रमाणपत्रं, पॅन, टॅन, केंद्राच्या निधी-वितरण प्रणालीचा (पीएफएमएस) सांकेतांक, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, नॅकचं प्रमाणपत्र, बँक तपशील हे सगळं एका फोल्डरमध्ये, दर एप्रिलला अद्ययावत केलेलं असावं. प्रकल्पाच्या पैशावर मिळालेलं व्याज वेगळं दाखवावं लागतं, उपयोगिता प्रमाणपत्र केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या जीएफआर १२-ए नमुन्यात द्यावं लागतं. ते वेळेत गेलं नाही तर पुढचा हप्ता थांबतो आणि प्रकल्पावरच्या संशोधन सहायकाचं विद्यावेतन चार-चार महिने रखडतं. त्या मुलांचं भाडं, खानावळ थांबत नसते. म्हणून राखीव १.५ लाखांतून असं विद्यावेतन आगाऊ देऊन हप्ता आल्यावर वळतं करण्याची सोय ठेवा.

यंदाचा फेब्रुवारी निघून गेला असेल तर पूर्ण योजना घाईने रेटू नका. या वर्षी फक्त फिरता निधी, तासांची सवलत आणि ध्वनिमुद्रणाचा संच एवढंच सुरू करा, कारण या तिन्हींना लांबलचक निवड लागत नाही. पुढे नेण्याचा ठराव, मानधन-पावतीचा नमुना, खरेदी मर्यादांचं पान आणि परीक्षकांची यादी हे चार कागद डिसेंबरपर्यंत मंजूर करून घ्या, म्हणजे फेब्रुवारीत परिपत्रक काढताना हातात सगळं तयार असेल.